भावजी, जोडा कोणता?

भावजी, परवा तुमच्या नावाने जोडा दान करायचा आहे, आणि कोणता करायचा हे सांगायला नेमके तुम्हीच घरात नाही.

गुरुजी काल येऊन तेराव्याचं सामान सांगून गेले. छत्री, काठी, पाण्याचा तांब्या, दिवा, सतरंजी आणि पायांत घालायला जोडा. "वाट लांबची आहे, काकू," ते म्हणाले, "तापलेली वाळू, मध्ये काटे. गेलेल्या माणसाचे पाय पोळू नयेत म्हणून जोडा द्यायचा. आणि शास्त्रात तो चामड्याचाच सांगितलाय."

मी पदर तोंडाला लावून हसले. तुमचं सुतक अजून फिटायचं आहे आणि मी हसले. चामड्याचाच! आणि तोही शास्त्रात! हे मला तेव्हा ठाऊक असतं तर सासूबाईंपुढे केवढ्या तोऱ्यात उभी राहिले असते. पण तेव्हा मला ठाऊक होतं ते एवढंच, की पुरणात जायफळ किती घालायचं. तेही चुकायचं.

अरुणने विचारलं, "आई, काकांसाठी काय आणू? चपला, की बूट?" तुमचा पुतण्या सरळमार्गी माणूस, बँकेत त्याला दोनच रकाने भरायची सवय. मुग्धा टीव्हीसमोरून न उठता म्हणाली, "आजी, छोटे आजोबा फुटबॉलर होते ना, मग स्पोर्ट्स शूज दे दो. इसमें सोचना क्या?" तिला सोपं वाटतं. नातीने तुम्हाला पाहिलं ते पांढऱ्या मिशांचे, उन्हात बसून वाटाणे सोलणारे. तुम्ही कलकत्त्याला फॉरवर्ड होता एवढं तिला माहीत आहे. त्यातली निम्मी वर्षं अनवाणी खेळलात आणि निम्मी बुटात, आणि मधल्या त्या बुटांवरून या घरात काय काय झालं, हे आता फक्त मला माहीत आहे. म्हणून प्रश्न माझ्याकडे आलाय. तुम्हाला त्या वाटेवर पाठवायचं ते कसं, अनवाणी की बूट घालून? तुमच्या मनाविरुद्धचं काही पायांत घालून पाठवलं, तर आता परत येऊन भांडताही येणार नाही तुम्हाला.

विचार करायला बसले की सगळं आपलं पहिल्यापासून आठवायला लागतं.

लग्न होऊन साताऱ्याहून काशीला आले तेव्हा मी म्हणजे एक नग होते. अंबाडा मोठा आणि अंबाड्याखाली सगळी हवा. संकठा घाटावरून वर येणाऱ्या गल्लीतलं आपलं घर, खाली महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची वर्दळ, वर सासूबाईंचं सोवळं. तुम्ही माझ्याहून वर्षाने मोठे, पण मी थोरल्या भावाची बायको; दिवाळीत तुम्ही माझ्या पाया पडायचे आणि मी अशी काही गंभीर होऊन आशीर्वाद द्यायची, की जणू माझ्या सुनाच नांदताहेत. तुम्ही वाकता वाकता माझ्या पायाला चिमटा काढायचे. मी "औक्षवंत व्हा" म्हणता म्हणता किंचाळायची. सासूबाईंना वाटायचं, मुलीला आशीर्वाद द्यायची धड सवय नाही.

तुम्ही घाटावरच्या दगडी चबुतऱ्यावर खेळायचात. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला गंगा. चेंडू उंच उडाला की गंगेत, आणि गंगेत गेला की खेळ बंद. त्यामुळे तुमचा फटका कधी गुडघ्याच्या वर गेला नाही. पुढे कलकत्त्यात म्हणे लोक विचारायचे, हा फॉरवर्ड इतका जमिनीलगत कसा मारतो, कुठल्या उस्तादाने शिकवलं? आपल्या गंगामाईने, दुसरं कोणी नाही.

मग कलकत्त्याहून एक गृहस्थ आईचं पिंडदान करायला आले, आपल्याच घरी उतरले, आणि संध्याकाळी गंगेपलीकडच्या रेतीवर तुम्हाला खेळताना पाहून पिंडदान विसरले. तिथल्या एका क्लबाशी त्यांचा संबंध होता. मुलाला पाठवा म्हणाले. कंपनीत नावाला नोकरी, काम खेळायचं. आमच्या ह्यांनी पाठशाळेतून येऊन ते ऐकलं आणि म्हणाले, "लाथ मारायचा पगार? आमच्याकडे लाथ खायचाही मिळत नाही." पण ह्यांच्या म्हणण्याला कोण विचारतो? न्यायनिवाडा सासूबाईंचा.

तो निवाडा मी दाराआडून ऐकला. कणीक तिंबायची सोडून कान लावला होता; त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्यांनी चावून चावून खाल्ल्या.

"चेंडू कशाचा असतो?" सासूबाईंनी विचारलं.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. "चामड्याचा."



"हातात धरतात?"

"नाही आई. हात लावायचाच नाही. लावला तर शिट्टी वाजते. गुन्हा धरतात."

"हात लावला तर गुन्हा?" सासूबाईंचा आवाज बदलला. "असा नियम आहे?"

"हो."

"कोणी केला?"

"साहेबांनी."

"मग तो साहेब कोणी चांगल्या घरचा असला पाहिजे," सासूबाई म्हणाल्या.

भावजी, अख्ख्या जगात फुटबॉलला सोवळ्यातला खेळ ठरवणारी बाई आपल्याच घरात निघाली! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. तेवढ्यात त्यांना शंका आली, "आणि तो जाळ्यापुढे उभा राहून हाताने धरतो म्हणतात, तो?"

"तो गोली. त्याला आंघोळ करावी लागते," तुम्ही म्हणालात. इतक्या शांतपणे, की मला आजही कळलेलं नाही, ती थाप होती की तुम्ही विचार करून दिलेलं उत्तर.

मग अटी पडल्या. पायाला चेंडू लागला तर चालेल, पाय गल्लीतलं काय काय तुडवतो, गंगेत बुडवला की झालं. पण चेंडूला हात लावायचा नाही. आणि चामडं पायांत चढवायचं नाही. "लागलेलं धुता येतं, बाळ. चढवलेलं अंगचं होतं." तुम्ही ओंजळीत गंगेचं पाणी घेऊन कबूल केलंत आणि संध्याकाळच्या गाडीने गेलात.

मी साताऱ्याला सगळ्यांना सांगून टाकलं, आमचे भावजी कलकत्त्याला फॉरवर्ड आहेत. असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला मामलेदाराच्या वरची जागा वाटावी. मला तरी कुठे कळत होतं? पहिल्या हंगामानंतर तुम्ही घरी आलात तेव्हा विचारलं, "फॉरवर्ड म्हणजे नक्की काय करतो हो?"

"सगळ्यांच्या पुढे उभा राहून वाट बघतो."

"कशाची?"

"चेंडूची. बराच वेळ येत नाही. आला की मात्र चुकायचं नाही."

"आणि वाट बघायचा पगार मिळतो?"

"मिळतो की."

"मग आम्ही सगळ्या बायका फॉरवर्डच झालो! आमचा पगार कोणत्या क्लबात अडकलाय?"

तुम्ही चहाचा घोट फुर्रकन बाहेर टाकलात, माझ्या नव्या लुगड्यावर. तो डाग निघाला नाही. मी तो मुद्दाम निऱ्यांच्या वरच्या बाजूला काढून नेसायची.

तुमची ती अनवाणी वर्षं मी अशी तुकड्यातुकड्यांनी ऐकली. समोरचे बूटवाले पायावर पाय द्यायचे. मी विचारलं, "मग दुखत नाही?" तर म्हणालात, "ते पाय देतात तेव्हा माझा पाय तिथे नसतो, वहिनी." घोट्याला फक्त पट्टी, बाकी पाय उघडा. चेंडू मैदानाबाहेर गेला की तो हाताने आत फेकायचा असतो. तो तुम्ही कधीच फेकला नाहीत, सोबत्यांना पुढे करायचात. त्यांना वाटायचं, मोठा तोरा आहे गड्याला. पेपरात तुमचं नाव यायचं, ह्यांना कोणी पाठशाळेत दाखवलं की ह्यांची कॉलर ताठ व्हायची. सदऱ्याला कॉलर नव्हती तरी.

आणि मग एका वर्षी तुम्ही घरी आलात ते गप्प.

जेवणात लक्ष नाही, चिमटा नाही, माझ्या भाजीला नावं ठेवणं नाही. रोज नाव करून पलीकडे रेतीवर जायचं आणि अंधार पडायच्या आत यायचं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. त्यांनी मीठमोहऱ्या उतरवल्या. मला दृष्टीबिष्टी काही वाटली नाही, मला उत्सुकता वाटली. ती माझी खोड. कोणी दुःखात दिसलं की आधी 'अरेरे' यायला हवं, माझ्या मनात आधी 'का बरं?' येतं.

जिन्यात गाठलं तुम्हाला. "काय झालंय ते सांगा, नाहीतर आज भाजीत मीठच मीठ."

"क्लबने सांगितलंय," तुम्ही म्हणालात, "आता सगळ्यांनी बूट घालायचे. अनवाणी कोणालाच उतरू देणार नाहीत. नियमच झालाय."

"मग?"

"मग काय? घालायचे नाहीत. इथेच बसायचं. घाटावर संकल्प सांगायचे." हे तुम्ही असं म्हणालात, की कोणी आपलाच पाय तोडायची गोष्ट सांगावी. यात्रेकरूंना संकल्प सांगण्यात कमीपणा होता म्हणून नाही; ते काम तुमचे चुलते उत्तम करायचे. पण तुम्हाला दुसरं काही येतच नव्हतं. लहानपणापासून पायांनीच विचार केलेला माणूस.

आता त्या वेळच्या माझ्या अकलेचा दिवा बघा. चामडं चालत नाही ना? मग कापडाचे बूट शिवू! ह्यांचा एक होल्डॉल होता, जाड कॅनव्हासचा, प्रवासाला अंथरूण बांधून न्यायचा. ह्यांना कुठे जायचं होतं? मी तो कापला. तळाला सुतळीची वेणी घालून टाके घातले, खिळ्यांच्या जागी गाठी मारल्या. दोन्ही बूट डाव्याच पायाचे झाले. म्हटलं, असू दे, लोक यांना डावखुरे म्हणतातच.

आता ते पायांत चढवून बघायचे कुठे? तर पलीकडे. आणि घरच्या सुनेने पलीकडे जायचं ते काय सांगून? हरतालिकेला वाळूची पिंडी लागते, आणि भाद्रपदात गंगा सगळी रेती पोटात घेऊन बसते. तेव्हा वाळू आधीच आणून ठेवायला हवी, असं मी सासूबाईंना सांगितलं. चैत्रात! त्यांना ते इतकं पटलं, की पुढे दरवर्षी चैत्रातच वाळू आणायची रीत पडली. मुग्धाची आई अजून आणते. रीती कशा पडतात ते मला विचारावं कोणी.

बचऊ मल्लाहाने नावेतून आपल्याला पलीकडे उतरवलं. मी डोक्यावरून पदर घेऊन टोपली मांडीवर घेऊन बसले आणि म्हटलं, "आधी अनवाणी दाखवा. मला कुठे कोणी कलकत्त्याला नेणार आहे?"

तुम्ही धावलात.

भावजी, आपण आयुष्यभर इतकं बोललो, पण हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. मला वाटलं होतं, धावणं म्हणजे घाई. तुमच्यात घाईच नव्हती. चेंडू पुढे जायचा आणि पाय त्याला हाक मारून परत बोलावायचा. वाळू पायाखाली आहे की नाही कळू नये. मी ओंजळीत वाळू घेतली होती ती टोपलीत टाकायची राहून गेली. सगळी बोटांतून सांडली. नदीपलीकडे आपलं घर दिसत होतं, मंगला गौरीचं देऊळ दिसत होतं, आणि त्या घरात मला वाटायचं की मला माणसं कळतात! हा माणूस माझ्या हातच्या पोळ्या खात होता आणि मला त्याच्याबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मग तुम्ही माझे बूट चढवलेत. पाचसहा पावलं धड गेलीत. चेंडूला पाय लावलात आणि थांबलात. परत लावलात. परत थांबलात.

"काय झालं? चावतात?"

"नाही," तुम्ही म्हणालात, "पाय बहिरा झाला."

तेवढ्यात एक तळ सुटला, सुतळी उलगडत गेली आणि तुम्ही शेपटी फुटल्यासारखे उभे. मी हसले, तुम्ही हसलात, लांबून बचऊ हसला. मग तुम्ही वाळूत बसलात आणि तुमचे खांदे हलत राहिले, आणि मला कळेना, हसताय की काय. कळायला थोडा वेळ लागला.

तेव्हा मी म्हटलं, "चामड्याचे घाला. जा कलकत्त्याला. सासूबाईंना मी बघते."

"शब्द दिलाय, वहिनी."

"शब्द कोणत्या पायांनी दिलात? अनवाणी पायांनी. बुटातल्या पायांनी काही कबूल केलेलं नाही."

तुम्ही डोळे पुसून माझ्याकडे बघत राहिलात. "तुम्हाला बाईच्या जन्माला घालून देवाने न्यायाधीशांवर उपकार केले," म्हणालात.

आणि गेलात. आणि घातलेत.

त्यापुढची माझी कारस्थानं आठवली की मला त्या पोरीचा कान धरावासा वाटतो आणि पाठही थोपटावीशी वाटते. प्रवासातून आलेल्याच्या पायावर पाणी घालायची आपल्याकडे पद्धत, आणि तुमच्या पायावर सासूबाई स्वतः घालायच्या. हे तुमच्या लक्षात नव्हतं, माझ्या होतं. बुटात राहिलेले पाय मऊ पडतात, करंगळीला कुरूप होतं, नखं काळी होतात. ते पाय बघून कोणीही ओळखलं असतं. म्हणून हंगाम संपवून येताना तुम्ही बूट बचऊच्या नावेत ठेवायचे, आणि मी घाटावरच्या मढीआड, त्या दगडी कोनाड्यामागे बसून तुमच्या पायांना भेगा काढायची. एरंडेलात काजळी कालवून, काडीने, एकेक रेघ. रामनगरच्या रामलीलेत कोणाचा चेहरा रंगवला नसेल इतकं जीव लावून! "गुदगुल्या होतात" म्हणून तुम्ही पाय ओढायचात आणि भेग वाकडी जायची.

पहिल्या खेपेला दारात सासूबाई तांब्या घेऊन उभ्या. तुम्ही पाय पुढे केलात. पाणी पडलं आणि उंबऱ्यापाशी काळा ओघळ सुरू झाला. तुम्ही छताकडे बघत होता, जसं काही पाय दुसऱ्याचे आहेत.

सासूबाईंनी ओघळाकडे बघितलं. पायाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कलकत्त्याची माती फार काळी हो." आणि वळून मला म्हणाल्या, "आणखी एक तांब्या आण गं."

मी आणला. त्यांनी तो ओतला, सावकाश, दोन्ही पायांवर, स्वच्छ निघेपर्यंत. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी तुम्हाला जवळ बसवलं आणि करंगळीच्या त्या कुरुपाला लसूण ठेचून बांधली. माझी छाती गर्वाने अशी फुगली होती! फसल्या, फसल्या, म्हणत मी स्वयंपाकघरात गिरकी घेतली आणि आमटीचं पातेलं उलथलं. दरवर्षी काजळी, दरवर्षी काळी माती, दरवर्षी दुसरा तांब्या. कोण कोणाला फसवत होतं हा विचार डोक्यात शिरायला मला स्वतःला सासू व्हावं लागलं.

तुम्हाला माहीत होतं का, भावजी? त्यांना माहीत होतं, हे तुम्हाला माहीत होतं का? हा एक प्रश्न विचारायचा राहिला. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही त्यांच्या पायांवर डोकं ठेवून इतका वेळ काय बोलत होता, हाही राहिला.

खेळ सोडून तुम्ही परत आलात, लग्न केलं नाहीत, शाळेत पोरांना खेळ शिकवलात, आणि घाटावर कायम अनवाणी हिंडलात. आपलं खरं भांडण त्यानंतरचं, गेली कितीतरी वर्षं हिवाळ्यातल्या उन्हात चाललेलं. तुम्ही म्हणायचात, "अनवाणी मी खेळलो. बुटात नोकरी केली."

मला ते झोंबायचं. "अहो, बूट घातले नसते तर सगळं तिथेच संपलं असतं."

"संपलं असतं. पण जो संपला असता तो मी असतो."

"आणि बुटात धावला तो कोण, शेजारी?"

मग तुम्ही चिडायचात. गोल मारणारा तो अनवाणी, म्हणायचात. बुटात गोल आटले, मला पुढून काढून कडेला टाकलं. आणि मी तुमचंच बोलणं तुमच्या तोंडावर मारायची. कारण तुम्हीच एकदा सांगितलं होतंत, की पायाला चेंडू ऐकू येईना तेव्हा मान वर करावी लागली, आणि मान वर केल्यावर पहिल्यांदा दिसलं, मैदानात आपल्याशिवाय बाकीचेही आहेत. मग तुम्ही त्यांना चेंडू द्यायला लागलात. लोक तुमच्याकडून आलेल्या चेंडूवर गोल करायला लागले. "हे वाईट झालं का?" मी विचारायची. तुम्ही वाटाणे सोलायचात. टीव्हीवर विश्वचषक लागला आणि एक जण लाल बूट घालून उतरला तर म्हणालात, "अहो वहिनी, हे तर नवरीचे!" आणि विषय टाळलात.

गेल्या माघात मी हट्ट धरला, मला रेतीवर न्या, मला चेंडू मारायचाय. सुनेने कपाळाला हात लावला. बचऊचा मुलगा आता नाव चालवतो, तो आपल्याकडे बघून दात काढत होता. तुम्ही एका बाजूला तुमची काठी रोवलीत, दुसऱ्या बाजूला माझी छत्री, आणि मध्ये गोली म्हणून उभे राहिलात. मी चपला काढल्या, कासोटा खोचला. नऊवारीचा हा उपयोग कोणाला सुचला नसेल.

थंड वाळू, आणि पायाच्या अंगठ्याला तो चेंडू लागला. काय सांगू! खरंच ऐकू येतं हो. आत काहीतरी टण्ण वाजतं, थेट गुडघ्यापर्यंत.

चेंडू रांगत रांगत तुमच्याकडे गेला. तान्हं पोरही अडवेल असा. तुम्ही वाकलात, दोन्ही हात पुढे केलेत, आणि ते हात चेंडूच्या वीतभर अलीकडे थांबले. चेंडू तुमच्या पायांमधून आरामात निघून गेला.

मी गोल, गोल म्हणून नाचले. मग तुमचा चेहरा बघितला.

"अडवला का नाहीत?"

"हाताने कसा धरू, वहिनी?" तुम्ही म्हणालात. अगदी साधेपणाने, जसं काही मीच वेडा प्रश्न विचारलाय.

सासूबाईंना जाऊन जमाना झाला होता. एक शब्द मी तुम्हाला मोडायला लावला होता, माझ्या त्या पाजी वकिलीने. दुसरा तुम्ही असा जपून ठेवला होता, कोणी बघत नसलेल्या रेतीवर, एका म्हातारीच्या रांगत्या चेंडूपुढेसुद्धा. म्हणजे पहिला मोडताना तुम्हाला किती जड गेलं असेल, याचा अंदाज मला त्या दिवशी आला. मी पदराने तोंड पुसलं आणि विचारलंच, "मी घाला म्हटलं म्हणून घातलेत. राग आहे का माझ्यावर?"

तुम्ही मिशीत हसलात. "मॅच चालू असताना असले प्रश्न विचारायचे नसतात."

"मग कधी?"

"संपल्यावर."

"हवा उठत हौ, माईजी, चला अब," नावेतून हाक आली. आपण गेलो. तुम्ही काठी उपटलीत, मी छत्री. चेंडू मीच उचलला.

आता संपली म्हणायची, भावजी. दुपारी जेवून आडवे झालात, मी चहा घेऊन हाक मारायला आले तर उठला नाहीत. आयुष्यभर फॉरवर्ड म्हणून वाट बघितलीत, आणि जाताना मात्र कोणाला वाटही बघायला लावली नाहीत. चहा मीच प्यायले, रडत रडत, कारण टाकवेना. पुरुषांनी पायांचे अंगठे बांधले तेव्हा मी पुढे होऊन बघितलं. लोकांना वाटलं, म्हातारी नमस्कार करतेय. मी उत्तर शोधत होते. करंगळीला बुटाचं कुरूप तसंच होतं. तळव्याला अनवाणी हिंडण्याच्या भेगा, खऱ्या, मला काढता आल्या नसत्या इतक्या सुंदर. पाय काही सांगेनात, अनवाणी की बूट. दोन्ही सांगत होते.

म्हणून आज सकाळी अरुणला घेऊन मी स्वतः दुकानात गेले. काळे, चामड्याचे, खाली खिळे असलेले खेळायचे बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, "किसके लिए, अम्मा?" म्हटलं, "हमारे देवर के लिए. लंबा मैच है." अरुण दुसरीकडे बघायला लागला.

गुरुजींना दाखवले तर ते दचकले. "काकू, याला खिळे आहेत!"

"वाटेत काटे आहेत म्हणालात ना? मग खिळे बरे पडतील."

पण त्यांना आणखी एक खटकलं. दोन्ही बुटांच्या नाड्या मी एकमेकींना बांधून टाकल्या आहेत, घट्ट. तुम्ही स्टेशनवरून घाटाकडे यायचे तेव्हा बूट असेच गळ्यात असायचे, एक छातीवर, एक पाठीवर, आणि पाय उघडे. "दान देताना गाठ सोडा," गुरुजी म्हणाले. मी नाही म्हटलं. दानाला दोष लागला तर तो माझ्या खात्यावर लिहा म्हटलं. तिथे आधीच गर्दी आहे.

तेव्हा असे पाठवतेय, भावजी. गळ्यात अडकवा. वाळू तापली, काटे लागले, तर गाठ सोडा आणि घाला. पायाला वाटेचं बोलणं ऐकायचं असेल तर घालू नका. एकदा सासूबाईंनी ठरवलं, एकदा मी. आता तुम्ही ठरवा.

आणि त्या टोकाला सासूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या असतील. काजळी लावायला मी अजून आलेली नाही. या वेळी पाय जसे असतील तसेच पुढे करा.